शिबिरातल्या रजिस्टरवर हक्क कुणाचा? जळगावच्या एका आरोग्य विमा शाखेचं प्रकरण

आरोग्य विमा कंपनीच्या माणसांनी गावात जाऊन लोकांची शुगर फुकट तपासली, तर त्या आकड्यांवर हक्क कुणाचा? जळगावमधल्या एका खासगी आरोग्य विमा कंपनीच्या शाखेत हा प्रश्न एका सकाळी उभा राहिला आणि पुढचे काही महिने शाखेतलं वातावरण त्याच्याभोवतीच फिरत राहिलं. प्रशिक्षणाच्या कामामुळे माझं या शाखेत जाणं-येणं होतं. संबंधितांशी बोलून, त्यांच्या संमतीने हे लिहितो आहे. कंपनीचं, गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

शाखा कशी होती

पंधरा-वीस कर्मचारी. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, यावल इकडचेच बहुतेक. त्याशिवाय कमिशनवर काम करणारे एजंट. ते कंपनीचे पगारी नोकर नाहीत, पण गावातल्या माणसाच्या लेखी तेच कंपनी. सकाळची बैठक प्रीमियमच्या आकड्याने सुरू व्हायची आणि त्याच आकड्याने संपायची. क्लेम मंजूर करायचा की नाही, हे इथे ठरत नाही. ते दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात ठरतं. इथे एक टेबल आहे. त्या टेबलावरचा माणूस कागद घेतो, पुढे पाठवतो आणि नामंजुरीचं पत्र आलं की लोकांचे बोलही तोच ऐकतो.

हे टेबल सांभाळणारे गृहस्थ अमळनेरचे. त्यांनी मला सांगितलं, की लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘काय करता?’ तर ते ‘प्रायव्हेट कंपनीत आहे’ एवढंच सांगतात. मुंबई-पुण्यात ज्याचा क्लेम नाकारला तो माणूस पुन्हा भेटत नाही. जळगावात तो भाजीबाजारात भेटतो, साखरपुड्यात शेजारच्या पंगतीत बसलेला असतो आणि बहुतेक वेळा कुठून तरी नात्यातलाच निघतो. ज्या नोकरीचं नाव चारचौघांत सांगायला माणूस कचरतो, त्या नोकरीत तो किती जीव ओतणार? कर्मचाऱ्यांचं समाधान मोजायला कंपनी दरवर्षी ऑनलाइन प्रश्नावली पाठवत असे. या शाखेचे गुण चांगले यायचे. मला मात्र त्या गुणांपेक्षा ‘प्रायव्हेट कंपनी’ हे दोन शब्द जास्त खरे वाटतात.

सेवादिन

कंपनी प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एक भरपगारी दिवस समाजकार्यासाठी देते. शाखेत त्याला सेवादिन म्हणतात. मुख्य कार्यालयातून टी-शर्ट येतात, बॅनर येतो आणि एक फॉर्म येतो. त्यात किती स्वयंसेवक, किती लाभार्थी आणि किती फोटो हे भरून द्यायचं. आधीच्या वर्षांत झाडं लावून झाली होती, आश्रमशाळेत वह्या वाटून झाल्या होत्या. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्याच्या शेवटी लावलेल्या त्या झाडांना मे महिन्यात पाणी कोण घालणार, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कर्मचाऱ्यांचा सेवादिन त्या हिशेबात येत नाही. शिवाय २०२१ साली सुधारलेल्या नियमांनुसार कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम, किंवा आपल्या मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून प्रायोजित केलेलं काम ‘सामाजिक दायित्व’ म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे सेवा आणि विक्री यांच्यात रेघ ओढायची गरज कायद्यालाही वाटली. शाखेत मात्र ती रेघ कुणी ओढलेली नव्हती.

त्या वर्षी नव्या अर्जांची तपासणी करणाऱ्या मुलीने वेगळी कल्पना मांडली. ती यावल तालुक्यातली, केळीच्या पट्ट्यातली. ‘आमच्या भागात शुगर-बीपीचं शिबिर घेऊ. बाजाराच्या दिवशी बागेत मजूर नसतात, तेव्हा लोक येतील.’ सगळ्यांना पटलं. आणि काम खरोखर नीट झालं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात टेबलं लावली, जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. गर्दी अपेक्षेपेक्षा मोठी झाली. जिथे आकडा जास्त आला तिथे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, की उपाशीपोटी तपासणी करा आणि फिजिशियनला दाखवा. बोटाच्या टोचणीवर एकदा आलेला जास्त आकडा म्हणजे मधुमेहाचं निदान नव्हे. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ किंवा त्याहून जास्त, हे पुन्हा तपासून पक्कं करावं लागतं. हे डॉक्टरांनी माइकवरून दोनदा सांगितलं.

नोंदीसाठी एक रजिस्टर ठेवलं होतं. नाव, वय, मोबाइल, शुगर, बीपी. वरच्या ओळीत लिहिलं होतं, ‘मोफत आरोग्य तपासणीसाठी माहिती देत आहे’, आणि शेवटच्या रकान्यात सही किंवा अंगठा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

विक्रीप्रमुखांनी रजिस्टर मागितलं. एक्सेल करून एजंटांना वाटायचं होतं. जास्त शुगर असलेली नावं वेगळ्या रंगात हवी होती. त्यांना फोन करण्यात वेळ घालवायचा नाही आणि बाकीच्यांना आठवड्याच्या आत गाठायचं, असा बेत होता.

त्या मुलीने रजिस्टर दिलं नाही. ‘सर, माझ्या गावाकडच्या लोकांनी माझ्याकडे बघून बोट पुढे केलं आहे,’ एवढंच ती म्हणाली आणि शाखाप्रमुखांकडे गेली.

विक्रीप्रमुखांची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण ते लोभी गृहस्थ नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, की खर्च कंपनीने केला, लोकांनी नंबर आपणहून दिले, आणि विमा ही काही वाईट वस्तू नाही. केळी बागायतदाराच्या घरात एक बायपास झाली की बाग गहाण पडते, हे त्यांनी पाहिलं आहे. तीच बाग वाचवण्यासाठी फोन केला तर त्यात पाप काय? एजंटांची पोटं कमिशनवर चालतात, हेही ते म्हणाले. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

पण त्या बेतात दोन याद्या होत्या. निरोगी माणसाला गाठायचं आणि ज्याला आजाराची शंका निघाली त्याला टाळायचं. म्हणजे ज्याला शिबिराची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच्याच विरुद्ध शिबिर वापरायचं. लोकांनी सही तपासणीसाठी केली होती, निवडीसाठी नाही. २०२३ साली संसदेने केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याचं तत्त्वही हेच आहे. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरा.

शाखाप्रमुख धुळ्याचे, शांत स्वभावाचे. त्यांनी रजिस्टर कपाटात कुलुपात ठेवलं आणि मुख्य कार्यालयातल्या नियमपालन विभागाला विचारणा केली. उत्तर यायला काही दिवस लागले. तेवढ्यात खरी गाठ बसली.

आप्पांचा अर्ज

शिबिराच्या दिवशी एक एजंट सभागृहाच्या दाराशी उभा होता. त्याला रजिस्टरची गरजच नव्हती. बाहेर पडणाऱ्यांशी बोलून त्याने स्वतःच नंबर घेतले होते. आठवडाभरात त्याच्यामार्फत एका कुटुंबाची पॉलिसी निघाली. त्या पॉलिसीचा अर्ज तपासणीसाठी त्या मुलीच्या संगणकावर आला आणि तिने नाव ओळखलं. पन्नाशी ओलांडलेले बागायतदार, गावात सगळे आप्पा म्हणतात. शिबिरात त्यांची शुगर ३०० च्या वर आली होती. अर्जात ‘मधुमेह?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ होतं. अर्ज पक्का करणारा ओटीपी आप्पांच्या मुलाच्या मोबाइलवर गेला होता.

आता तिने काय करावं? शिबिरात कळलेली गोष्ट वापरून पॉलिसी अडवली, तर ज्या माहितीसाठी ती भांडली तीच तिने आप्पांच्या विरोधात वापरली असं होईल. गप्प बसली, तर आप्पा वर्षानुवर्षं हप्ते भरतील आणि दवाखान्यात दाखल झाल्यावर क्लेम फेटाळला जाईल. क्लेमच्या टेबलावरच्या अमळनेरच्या गृहस्थांना त्या पत्राचा मजकूर तोंडपाठ होता.

इथे नियम समजून घ्यावा लागतो, कारण सगळी अडचण त्यातच आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार, पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला अथवा उपचार सुचवले, तो ‘आधीपासूनचा आजार’. म्हणजे मशीनवरचा आकडा हे निदान नसलं, तरी डॉक्टरांनी लिहिलेली ती चिठ्ठी सल्ल्यात धरली जाऊ शकते. असा आजार अर्जात सांगितला तर जास्तीत जास्त ३६ महिने थांबून त्याचं संरक्षण सुरू होतं. लपवला, किंवा सांगायचा राहिला, तर सलग ६० महिने पूर्ण होईपर्यंत कंपनी त्या कारणावरून क्लेम नाकारू शकते. ६० महिन्यांनंतर सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर ते कारण चालत नाही.

शाखाप्रमुखांनी तिला आणि अमळनेरच्या गृहस्थांना आप्पांकडे पाठवलं. तिसऱ्या कुणाला सांगायचं नाही, कंपनीच्या फाइलमध्ये काही लिहायचं नाही. अर्जात काय लिहिलं आहे ते फक्त आप्पांना वाचून दाखवायचं आणि निर्णय त्यांच्यावर सोपवायचा.

तिने अर्ज मराठीत वाचून दाखवला. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘तुमच्याच मशीननं सांगितलं ना पोरी, मले शुगर आहे म्हून? मंग कंपनीले ठावं नाही का?’

या प्रकरणातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे असं मला वाटतं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विमा नवा नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा तो वर्षानुवर्षं काढतो आहे. त्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने तापमान मोजायचं, आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की भरपाई. तापमानाच्या बाबतीत शेतकऱ्याला काही सांगावं लागत नाही, सांगितलं तरी उपयोग नसतो. यंत्राची नोंद म्हणजेच पुरावा आणि ती विमा कंपनीला कळतेच. आप्पांनी तोच हिशेब इथे लावला. कंपनीचा बॅनर, कंपनीचे टी-शर्ट, कंपनीचं मशीन. कंपनीने मोजलं म्हणजे कंपनीला माहीत आहे. आरोग्य विमा याच्या अगदी उलट चालतो. तिथे सांगण्याची जबाबदारी विमा घेणाऱ्याची असते. हा फरक त्यांना कधी कुणी समजावलाच नव्हता. ना एजंटाने, ना शिबिराने.

एजंटाला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मी विचारलं होतं, काही आजार आहे का. आप्पा म्हणाले, काही नाही.’ मला तो खोटं बोलत होता असं वाटत नाही. पहाटे उठून बागेत जाणाऱ्या, घडांची कटाई स्वतः उभं राहून करून घेणाऱ्या माणसाला, काही दुखत नसताना ‘मी आजारी आहे’ असं कसं वाटेल? त्याचा दोष एवढाच, की त्याने चार प्रश्नांचा मिळून एक प्रश्न केला. मधुमेह, रक्तदाब, चालू गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, हे वेगवेगळं विचारायचं असतं.

पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते. आप्पांनी रद्द केली. थोडी कपात होऊन पैसे परत आले. मग ग्रामीण रुग्णालयात उपाशीपोटी तपासणी झाली, मधुमेह पक्का निघाला, गोळ्या सुरू झाल्या आणि खरं लिहून नवा अर्ज गेला. कंपनीने वाढीव हप्ता लावला आणि मधुमेहासाठी तीन वर्षांची प्रतीक्षा. आप्पांच्या धाकट्या भावाला हे पटलं नाही. ‘खरं बोलून काय मिळालं, हप्ताच वाढला ना?’ असं तो अजूनही म्हणतो. गावात त्याच्या बाजूचे लोक थोडे नाहीत, आणि त्यांच्याशी कुणीतरी बसून बोलणं बाकी आहे.

शाखेत काय बदललं

नियमपालन विभागाचं उत्तर आलं. संमती तपासणीपुरती आहे, रजिस्टर विक्रीसाठी वापरता येणार नाही. शाखाप्रमुखांनी पुढचं स्वतः ठरवलं. शिबिराच्या जागी एजंट येणार नाही. मोजलेले आकडे फक्त त्या माणसाच्या चिठ्ठीवर लिहायचे, कंपनीकडे नोंद ठेवायची ती नुसत्या संख्येची. ज्यांचा आकडा जास्त येईल त्यांची नावं, त्यांनी हो म्हटलं तरच, आशाताईंना द्यायची. आणि त्या गावात वर्षभर विक्री नाही.

हा शेवटचा नियम मला जरा जास्तच कडक वाटतो. कंपनीने आपणहून फोन करू नये, हे बरोबर. पण एखाद्याने स्वतः येऊन पॉलिसी मागितली तर त्याला वर्षभर थांबवण्यात त्याचंच नुकसान आहे, आणि नेमका त्याच वर्षी तो आजारी पडू शकतो. मी हे शाखाप्रमुखांना सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की एकदा सवलत दिली की दारातून सगळेच आत येतात. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

आशाताईंशी बोलल्यावर आणखी एक गोष्ट कळली. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांसाठीचा फॉर्म भरण्याचं काम त्या सरकारी कार्यक्रमात करतच असतात. मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी उपकेंद्रातही होते. म्हणजे शाखेने जे मोठ्या हौसेने केलं, ते करणारी माणसं गावात आधीच होती. कमतरता तपासणीची नव्हती, तपासणीनंतरच्या पाठपुराव्याची होती. जास्त आकडा आलेल्यांपैकी कित्येक जण ग्रामीण रुग्णालयात गेलेच नाहीत. कटाईच्या दिवसांत तिथे जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते.

मग अमळनेरच्या गृहस्थांनी विचारलं, ‘आपल्याला खरं काय येतं? शुगर मोजणं आपलं काम नाही. आपल्याला कागद वाचता येतो.’ पुढच्या सेवादिनाला त्यांनी त्याच सभागृहात एक टेबल लावलं. कोणत्याही कंपनीची पॉलिसी आणा, सरकारी योजनेचं कार्ड आणा, आम्ही वाचून सांगू. बॅनर नाही, टी-शर्ट नाही.

लोक प्लास्टिकच्या पिशव्यांतून कागद घेऊन आले. काहींची पॉलिसी केव्हाच बंद पडली होती आणि ते ती चालू आहे असं समजून होते. खोलीभाड्याची मर्यादा तर बहुतेकांना माहीतच नव्हती. समजा विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाडं रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयांपर्यंत. माणूस ६,००० च्या खोलीत राहिला, तर कंपनी फक्त भाड्यातला फरक कापते असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे इथे निम्मे कापले जाऊ शकतात. औषधं, तपासण्या, शरीरात बसवलेली उपकरणं यांना ही कपात लागू नाही. दाखल होताना एक वाक्य बोललं, ‘माझ्या पॉलिसीत बसेल ती खोली द्या’, तर हजारो रुपये वाचतात. हे ऐकून एक आजी म्हणाल्या, ‘हे आधी कोणी का नाही सांगितलं?’ टेबलावर बसलेल्या कुणालाच त्यावर बोलता आलं नाही.

कॅशलेसला, म्हणजे दवाखान्याचं बिल कंपनीने थेट भरण्याला, पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत मिळायला हवी, क्लेम नाकारला तर कारण लेखी मागता येतं, कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे वकील न लावता, फी न भरता ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी जाता येतं, हेही त्या दिवशी सांगितलं गेलं. स्वतःच्याच कंपनीविरुद्ध तक्रार कशी करायची, हे कंपनीची माणसं समजावत होती. विक्रीप्रमुख सुरुवातीला नाराज होते. त्या दिवशी दुपारी ते न बोलावता आले आणि संध्याकाळपर्यंत लोकांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची माहिती देत बसले. त्या योजनेचा हप्ता नाही आणि तिच्यात आधीच्या आजारासाठी थांबावंही लागत नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात धुळे होतं, जळगाव नव्हतं. त्यामुळे धुळ्याच्या शाखाप्रमुखांना ती लहानसहान तपशिलांसह माहीत होती आणि विक्रीप्रमुखांना त्यांनीच तयार केलं होतं.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. काही एजंट काही महिने दुसऱ्या कंपनीकडे धंदा नेत राहिले. विक्री विभागातला एक तरुण ‘इथे टार्गेट होणार नाही’ म्हणून सोडून गेला. त्या तिमाहीत शाखा मागे पडली आणि वरून विचारणा झाली. पण नव्या अर्जांमध्ये ‘मधुमेह: हो’ असं लिहून येण्याचं प्रमाण वाढलं, असं त्या मुलीचं निरीक्षण आहे. अमळनेरच्या गृहस्थांना मध्यंतरी एका लग्नात कुणीतरी बाजूला घेऊन पॉलिसीचा कागद दाखवला. त्यांनी तो मांडवातच वाचून दिला आणि आपण कुठल्या कंपनीत आहोत हेही सांगितलं.

अजून न सुटलेलं

मुख्य कार्यालयाचा फॉर्म तेव्हाही जुनाच होता. कागद वाचण्याचे फोटो काढता येत नाहीत, कारण त्यावर लोकांचे आजार लिहिलेले असतात. त्यामुळे फोटोच्या रकान्यात शाखेने शून्य लिहिलं आणि सेवादिनाच्या यादीत ती तळाला गेली. शाखाप्रमुखांनी वर तीन मागण्या लेखी पाठवल्या आहेत. फोटोची अट काढा. वार्षिक मूल्यमापनात कर्मचाऱ्याच्या अर्ज-तपासणीतल्या खरेपणाला गुण द्या. नामंजुरीचं पत्र मराठीतही पाठवा, आणि ते जाण्याआधी शाखेतल्या क्लेमच्या माणसाला बघू द्या.

पहिली मागणी मान्य झाली आहे. दुसरीवर ‘विचार सुरू आहे’. तिसरी माझ्या मते सगळ्यात मोलाची, कारण शिव्या खाणाऱ्याच्या हातात निदान थोडा तरी अधिकार येतो. तिच्यावर उत्तर आलेलं नाही. पुढचा सेवादिन चोपडा तालुक्यात घ्यायचं ठरलं आहे. तिथल्या आशाताईंशी बोलणं झालं आहे, आणि या वेळी ग्लुकोमीटर न्यायचे नाहीत यावर विक्री विभागासकट सगळ्यांचं एकमत आहे.